समोरचा माणूस

उस्ताद : नाही, नाही. स्टूल एवढं लांब नको ठेवूस. समोरच्याला वाटलं पाहिजे की तू त्याच्याशी बोलतेयस, भिंतीशी नाही. हां, असं. ती केबलची गुंडाळी सरकव बाजूला. आता सांग, मी कोण?

मॅनेजर : तुम्ही... समोरचा माणूस.

उस्ताद : ते तर मी दर वेळी असतोच. मागच्या खेपेला लिफ्ट बंद पडली म्हणून बोंब मारणारा इमारतीचा मालक होतो. त्याआधी तुझी बढती अडवून बसलेला साहेब. आणि तुझं लग्न ठरत होतं तेव्हा याच गोदामात तुझी होणारी सासू झालो होतो, डोक्यावर पुसायचं फडकं घेऊन. आज काय, सासरा?

मॅनेजर : आज हसवू नका, उस्ताद.

उस्ताद : बरं. नाही हसवत. मी कोण?

मॅनेजर : आपल्याकडचा एक मेकॅनिक. त्याला बाजूला करायचंय. म्हणजे लगेच नोकरीवरून नाही, पण लिफ्टच्या कामावरून. शाफ्टमध्ये उतरायचं नाही, वर मशीनरूममध्ये जायचं नाही, बटणाला हात लावायचा नाही. आणि हे मला आज सांगायचंय.

उस्ताद : आजच? मला दुपारच्या आत हॉस्पिटलवर पोचायचंय. मोठी लिफ्ट आहे, माझ्या हाताखालचा पैलवान कधीचा जाऊन बसलाय तिथे.

मॅनेजर : माहीत आहे. त्याच्या आत सांगायचंय.

उस्ताद : नाव काय माणसाचं?

मॅनेजर : नाव नको. तुम्हीच शिकवलंय ना, तालमीत नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की समोरचा नकला करायला लागतो.

उस्ताद : शाब्बास, लक्षात आहे. पितो का?

मॅनेजर : नाही.

उस्ताद : हात मारला कशावर?

मॅनेजर : छे. त्याच्याएवढा सरळ माणूस नाही आपल्याकडे.

उस्ताद : मग झालंय काय?

मॅनेजर : विसरतो.

उस्ताद : हं. बरं, चल. मी आलोय, दार लोटून बसलोय. ‘काय मॅडम, बोलावलंत?’

मॅनेजर : ‘या, बसा. सर्वप्रथम मला सांगायला आवडेल की तुमचं आजवरचं योगदान कंपनीसाठी अत्यंत मोलाचं आहे. तुमच्या अनुभवाचा आम्हा सर्वांना—’

उस्ताद : थांब, थांब. हे कुणाचं बोलणं?

मॅनेजर : कोचचं. ऑफिसने आम्हा मॅनेजरांसाठी आणलेत ना ते. आधी कौतुक, मग मुद्दा, मग परत कौतुक.

उस्ताद : कुत्र्याला गोळी गुळात घालून देतात, तसं. कुत्रं गूळ चाटतं आणि गोळी थुंकतं. आणि ‘योगदान’ काय? योगदान म्हटलं की मला माझा फोटो भिंतीवर लागल्यासारखं वाटतं. पहिल्या वाक्यात सांगून मोकळी हो. लागलंय कुठे ते माणसाला आधी कळू दे. मग बस फुंकर घालत.

मॅनेजर : ‘आजपासून तुम्ही शाफ्टच्या कामावर जायचं नाही.’

उस्ताद : ‘का?’

मॅनेजर : ‘तुमच्या हातून एक चूक झाली. गंभीर चूक.’

उस्ताद : ‘कुठली? कधी? कोणी पाहिली?’ हे बघ, तो विचारणारच. तू मोघम बोललीस की तो तुला कच्ची खाईल. झालेली गोष्ट सांग, पाणी न घालता.

मॅनेजर : ‘खाली लिफ्टच्या खड्ड्यात माणूस काम करत होता आणि तुम्ही वरून लिफ्ट खाली सोडलीत.’

उस्ताद : अरे बापरे. हे आपल्याकडे झालं? कोण हे गाढव?

मॅनेजर : उस्ताद, तुम्ही समोरचे आहात.

उस्ताद : मरू दे समोरचा! अगं, लिफ्टच्या खाली माणूस असताना लिफ्ट सोडली? आणि तू मला आज सांगतेस? मी कानाखाली वाजवली असती त्याच्या. पहिल्या दिवशी, पानासुद्धा हातात द्यायच्या आधी मी हे शिकवतो. वरून हाक द्यायची, ‘खाली कोण?’ खालून आवाज आला की बटणावरचं बोट काढायचं, आणि तो माणूस बाहेर येऊन तोंड दाखवेपर्यंत परत लावायचं नाही. कोणाला शिकवलं नाही मी हे? नवा आहे का कोणी?

मॅनेजर : नाही.

उस्ताद : वय काय त्याचं?

मॅनेजर : उस्ताद...

उस्ताद : वय विचारतोय.

मॅनेजर : तुमच्याएवढं.

उस्ताद : माझ्याएवढं कोण आहे आपल्याकडे? सगळी कालची पोरं.

मॅनेजर : तुम्हीच सांगा.

उस्ताद : माझ्याएवढं आपल्याकडे कोणीच नाही.

मॅनेजर : नाही.

उस्ताद : बोल ना. मान खाली घालून काय बसलीस? कधी झालं?

मॅनेजर : गेल्या आठवड्यात, बँकेच्या इमारतीत. पैलवान खाली खड्डा साफ करत होता. तुम्ही वर होतात.

उस्ताद : त्या दिवशी लिफ्ट मध्येच बंद पडली होती. तळमजल्याच्या दाराचा कॉन्टॅक्ट गेला होता. मी स्वतः बदलला तो.

मॅनेजर : कॉन्टॅक्ट चांगला होता. तळमजल्याचं दार मी उघडलं होतं, माझ्याकडच्या किल्लीने. दार उघडलं म्हणून लिफ्ट थांबली.

उस्ताद : तू कुठून आलीस मध्येच?

मॅनेजर : पाहणीला आले होते, खाली लॉबीत उभी होते. आतून पैलवान ओरडला. मी दार ओढलं तेव्हा तो तळाशी पालथा पडला होता, एवढा आडवा माणूस जमिनीला चिकटून. लिफ्टचं बूड त्याच्या पाठीवर... ते मला परत सांगायला लावू नका.

उस्ताद : त्याने हाकेला ओ दिली नसेल.

मॅनेजर : दिली. तुम्ही वरून विचारलंत, ‘खाली कोण?’ तो म्हणाला, ‘मी आहे, उस्ताद.’ तुम्ही म्हणालात, ‘चालू दे आरामात.’ मी माझ्या कानांनी ऐकलं. मग थोड्या वेळाने लिफ्ट सुटली.

उस्ताद : खड्ड्यातला लाल स्विच? तो दाबून ठेवायला काय झालं होतं त्याला? तो दाबला असता तर मी वरून नाचलो असतो तरी लिफ्ट हलली नसती.

मॅनेजर : दाबायला हवा होता. त्याबद्दल मी त्याला फाडून खाल्लंय. पण माहीत आहे तो काय म्हणाला? ‘वर उस्ताद असताना स्विच कशाला?’

उस्ताद : ‘चालू दे आरामात.’ असं म्हणालो मी?

मॅनेजर : हो.

उस्ताद : मला आठवत नाही.

मॅनेजर : तेच तर, उस्ताद.

उस्ताद : तेच तर काय? एकदा विसरलो. तू नाही विसरत? परवा चष्मा डोक्यावर ठेवून शोधत होतीस.

मॅनेजर : चष्म्याखाली कोणी काम करत नसतं. आणि एकदा नाही. मागच्या महिन्यात तुम्ही जुन्या पत्त्यावर जाऊन बसलात, जिथलं काम आपण कधीच सोडलंय. पैलवानला आधीच्या माणसाच्या नावाने हाका मारता. तो ओ देतो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

उस्ताद : आणि एवढे दिवस तू तोंडात गुळणी धरून बसलीस?

मॅनेजर : हिंमत होत नव्हती. तुम्हाला बिनधोक कामांवर पाठवत राहिले, मागे दुसऱ्या कोणाची तरी नजर ठेवून. काल ऑफिसात म्हणाले, उद्याच्या हॉस्पिटलसाठी तुमच्याशिवाय माणूस नाही, तेव्हा कळलं की आता पळवाट नाही.

उस्ताद : म्हणून माझ्याकडेच तालमीला आलीस. मला कसं काढायचं ते मलाच विचारायला. कमाल आहे तुझी.

मॅनेजर : मी तालमीला नव्हते आले. सरळ सांगायचं ठरवून आले होते. पण कठीण बोलायचं असलं की माझे पाय या गोदामाकडेच वळतात, आणि तुम्ही स्टूल पुढे ओढून म्हणालात, ‘बोल, आज कोण व्हायचंय?’ मग तोंडून तेच निघालं. मला सोपं वाटलं. चुकलं माझं.

उस्ताद : चुकलंच. बस खाली. उठतेस कुठे?

मॅनेजर : पुरे झालं, उस्ताद.

उस्ताद : पुरे कसं होईल? तालमीशिवाय कधी तुला कुठे पाठवलंय? बस. मी समोरचा. आता तर मला नकलासुद्धा करायला नकोत. चल, सुरू कर.

मॅनेजर : मला नाही जमणार.

उस्ताद : जमवावं लागेल. मॅनेजर मी नाही, तू आहेस. ‘काय मॅडम, बोलावलंत?’

मॅनेजर : ‘आजपासून तुम्ही शाफ्टच्या कामावर जायचं नाही.’

उस्ताद : ‘अस्सं? आणि हे कोण सांगतंय? जिला पहिल्या दिवशी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर रडू फुटलं होतं, ती?’

मॅनेजर : हे तुम्ही खरं बोलताय की तालमीतलं?

उस्ताद : तुला काय करायचंय? समोरचा असंच बोलणार. उत्तर दे.

मॅनेजर : ‘हो, तीच सांगतेय.’

उस्ताद : ‘बाईमाणूस शाफ्टमध्ये नको म्हणून सगळे साहेब उलटे फिरले होते. तेव्हा मी म्हणालो होतो, ही नसेल तर मीही नाही. नोकरी पणाला लावली होती मी तुझ्यासाठी. त्याची ही परतफेड?’

मॅनेजर : उस्ताद, प्लीज.

उस्ताद : प्लीज काय? रडायचं असेल तर नंतर रड, घरी जाऊन. आत्ता बोल.

मॅनेजर : ‘ही परतफेड नाही. तुमचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही. पण म्हणून पैलवानला तुमच्या खाली उतरवू शकत नाही.’

उस्ताद : ‘पैलवानने चुगली केली म्हण की.’

मॅनेजर : ‘त्याने एका शब्दाने तक्रार केलेली नाही. बाकीच्यांनी विचारलं तर म्हणाला, पाय घसरून पडलो.’

उस्ताद : ‘मग तुझ्यामाझ्यात ठेव. पुढच्या वेळी मी जपून राहीन. कोणाला कळणार आहे?’

मॅनेजर : ‘मी वर साहेबांना सांगितलंय.’

उस्ताद : काय?

मॅनेजर : काल. ते म्हणाले पत्र पाठवतो. मी म्हटलं, पत्र नको, मी बोलते.

उस्ताद : म्हणजे आधी वर गेलीस, आणि मग माझ्याकडे.

मॅनेजर : हो.

उस्ताद : आता मी समोरचा नाही. आता मी बोलतोय. हे मला लागलं, पोरी. फार लागलं. साहेबाने माझ्याबद्दल काही ऐकावं आणि मी ते नंतर ऐकावं?

मॅनेजर : आधी तुमच्याकडे आले असते तर तुम्ही मला पटवलं असतं. मी पटूनही घेतलं असतं. तुमच्यापुढे माझं काही चालत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून आधी परतीचा रस्ता बंद केला. काहीतरी बोला.

उस्ताद : काय बोलू? बरोबर केलंस म्हणायला जीभ वळत नाही. पुढे चल. समोरचा विचारतो, ‘मग मी करू काय? ऑफिसात बसून पंखा बघू?’

मॅनेजर : ‘नाही, नाही. तुम्ही नव्या मुलांना शिकवायचं. प्रशिक्षण प्रमुख. वेगळी खोली, तुमचं टेबल—’

उस्ताद : हे साहेबांनी कबूल केलंय?

मॅनेजर : करतील.

उस्ताद : विचारलंयस?

मॅनेजर : अजून नाही.

उस्ताद : मग काढून टाक ते वाक्य. माणसाच्या हातातलं काढून घेताना हातावर हवा ठेवायची नाही. तो ती मुठीत धरून घरी जाईल, बायकोला दाखवेल. मग उघडेल तेव्हा?

मॅनेजर : मी भांडेन साहेबांशी.

उस्ताद : भांड. जिंकलीस की ये सांगायला. आज नको. आज जे आहे तेवढंच सांग.

मॅनेजर : ‘पुढे काय ते मला आत्ता माहीत नाही.’

उस्ताद : असं. ऐकायला वाईट वाटतं, पण पाय टेकतात. आणि आता शेवटचं. समोरचा उठतो, पिशवी उचलतो आणि म्हणतो, ‘मी चाललो हॉस्पिटलला. पैलवान वाट बघतोय. अडवून दाखव.’

मॅनेजर : उस्ताद, पिशवी खाली ठेवा.

उस्ताद : ‘का ठेवू? आयुष्य गेलं माझं दोरांवर. हॉस्पिटलची लिफ्ट बंद आहे, पेशंट खोळंबलेत, आणि तुझ्याकडे दुसरा माणूस नाही. आजचा एक दिवस जाऊ दे. उद्यापासून तू म्हणशील तसं.’

मॅनेजर : आजचा एक दिवस...

उस्ताद : बघ, अडकलीस. ‘एकच दिवस’ म्हटलं की तू विरघळतेस. आजच्या दिवसात एखादा मेला तर?

मॅनेजर : तुम्ही खरंच निघाला होतात. दारापर्यंत गेलात. मला कळत नाहीये तुम्ही कुठे नाटक करताय आणि कुठे नाही!

उस्ताद : मलाही कळत नाहीये.

(मॅनेजरचा फोन वाजतो.)

मॅनेजर : पैलवान आहे.

उस्ताद : घे. स्पीकरवर घे. मी आहे म्हणून सांगू नकोस.

मॅनेजर : हे बरोबर नाही.

उस्ताद : घे म्हणतो ना.

मॅनेजर : हां, बोल रे.

पैलवान : मॅडम, ते... उस्ताद निघाले का?

मॅनेजर : का? काही अडलंय?

पैलवान : नाही हो, अडलंय कुठं. म्हटलं विचारावं. मॅडम, एक बोलू? आज खालच्या कामाला दुसऱ्या कोणाला धाडता का? माझी कंबर धरलीय सकाळपासून. मी आपला वर बसतो उस्तादांपाशी. बटणाजवळ. त्यांना काय हवं-नको ते बघतो.

मॅनेजर : कंबर धरलीय?

पैलवान : हो ना. म्हणजे फार नाही. पण दुसरा जो खाली जाईल त्याला तेवढा लाल स्विच दाबून ठेवायला सांगा हां, मॅडम. न विसरता. आणि उस्तादांना हे बोलू नका. त्यांना वाटेल मी घाबरलो. मी काय घाबरत नाही त्यांच्या हाताखाली, आई शप्पथ. ते आले की चहाच सांगतो आधी.

मॅनेजर : ठीक आहे. तू थांब तिथेच. मी कळवेपर्यंत कोणी खाली उतरायचं नाही. कोणी म्हणजे कोणीच नाही.

पैलवान : बरं झालं. बरं, मॅडम. ठेवतो.

उस्ताद : कंबर धरलीय म्हणे.

मॅनेजर : उस्ताद...

उस्ताद : बैलाने शिंगावर घेतलं तरी कंबर धरायची नाही त्याची. त्याच्या बापाला मी शब्द दिला होता, पोराला माझ्याजवळ ठेवतो म्हणून. आणि तो खड्ड्यात उतरायला घाबरतो. मी वर आहे म्हणून. आणि उलट मलाच सांभाळून घ्यायला बघतोय, बटणापाशी बसून.

मॅनेजर : पाणी देऊ?

उस्ताद : नको. ठेवली बघ पिशवी. तू बस समोर. स्टूल जवळ घे. तालीम संपली, आता खरं. ‘काय मॅडम, बोलावलंत?’

मॅनेजर : उस्ताद, आजपासून तुम्ही शाफ्टच्या कामावर जायचं नाही. हॉस्पिटललाही नाही. ती लिफ्ट आज बंद राहील, पेशंटची तोंडं आणि साहेबांच्या शिव्या मी बघून घेईन. पुढे तुमचं काय, ते मला आत्ता माहीत नाही. आणि हे विसरण्याचं डॉक्टरांना दाखवायचंय. मी सोबत येणार आहे, तुम्ही नको म्हणालात तरी.

उस्ताद : बरं.

मॅनेजर : बरं? नुसतं बरं? मघाशी केवढं भांडलात माझ्याशी.

उस्ताद : तो समोरचा होता. तुला खऱ्या वेळी कमी पडू नये म्हणून जरा जास्तच भांडला असेल.

मॅनेजर : सगळं तालमीतलं होतं?

उस्ताद : सगळं नाही. ते साहेबांचं अजून लागतंय. लागू दे, चार दिवस बोलणार नाही मी तुझ्याशी नीट. तेवढं सहन कर.

मॅनेजर : करेन.

उस्ताद : पण आवाज कापला नाही तुझा. मला वाटलं होतं कापेल.

मॅनेजर : आत सगळं कापतंय. मला तुमचा राग नाही आला, उस्ताद, भीती वाटली. त्या दिवसापासून झोपले की ते लिफ्टचं बूड खाली येताना दिसतं. पण खाली पैलवान नसतो. तुम्ही असता.

उस्ताद : हं. डोळे पूस. कोणीतरी पाना मागायला येईल आणि गावभर करेल.

मॅनेजर : तुमचेही पुसा.

उस्ताद : धूळ आहे इथे. पोरी, एक विचारू?

मॅनेजर : विचारा ना.

उस्ताद : घरी तू सांगशील का? तुझ्या काकूला?

मॅनेजर : काकूंना? सांगेन ना. आत्ता येते तुमच्याबरोबर.

उस्ताद : नको. थांब. नको. मीच सांगायला हवं. पण मला ते येत नाही. तिच्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग एक दिवस तो दारात उभा राहून हिलाच विचारायला लागला, ‘बाई, आपण कोण?’ तेव्हापासून मी चहात साखर विसरलो तरी ती माझ्या तोंडाकडे बघत राहते. म्हणून मी तिच्यापुढे काही विसरतच नाही. विसरलो तरी थट्टा केली म्हणून वेळ मारून नेतो. तिला आता काय तोंडाने सांगू?

मॅनेजर : त्यांना कधीपासून शंका असेल, उस्ताद.

उस्ताद : असेल. पण शंका वेगळी आणि मी तोंडाने सांगणं वेगळं. माझी तालीम कोणी घेतलीच नाही कधी. सगळे इथे येऊन बोलायला शिकून गेले, मी आपला कायम समोरचा.

मॅनेजर : मग उठा.

उस्ताद : कशाला?

मॅनेजर : जागा बदला. मी तुमच्या स्टूलावर बसते. तुम्ही बाहेर जा आणि दार उघडून आत या.

उस्ताद : वेडी आहेस का? तुला जमणार नाही ती. तिच्या एका नजरेपुढे माझी बोबडी वळते.

मॅनेजर : बघू या. काकू आत्ता काय करत असतील?

उस्ताद : या वेळेला? गॅलरीतल्या खुर्चीत बसून कपड्यांच्या घड्या घालत असेल. माझ्या पावलांचा आवाज जिन्यातच ओळखते ती. मी दिसायच्या आधीच बोलायला लागते.

मॅनेजर : बरं. जा तुम्ही.

उस्ताद : पहिलं वाक्य काय घेऊ?

मॅनेजर : तुम्हाला माहीत आहे.

उस्ताद : मला घाम फुटलाय, पोरी.

मॅनेजर : फुटू दे. आधी आत तर या. मी घड्या घालतेय.

उस्ताद : आलो.

मॅनेजर : ‘अगंबाई, आज लवकर आलात?’